यांचं न बसणं

१७ नोव्हेंबर १९९१

आज सकाळी मोरीपाशी गेले तर हे स्वतःची लुंगी धूत होते. उभ्यानेच, कमरेत वाकून, चोरासारखे. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली, या माणसाने आपला रुमाल कधी पाण्यात बुडवला नाही. मी दिवसभर शाळेत पोरांशी डोकं लावायचं, घरी येऊन भाकरी थापायच्या, कपडे धुवायचे, आणि यांनी मंडल कचेरीतून येऊन पेपर उलगडायचा, अशी आमच्या घरातली समता.

"तब्येत बरी हाये ना तुमची?" मी विचारलं.

"काऊन? मी धुतलं त पान्याचा रंग बदलते का?"

मी हसून बाजूला झाले. हे कशाने झालं ते मला ठाऊक आहे. मागच्या महिन्यात विहारात भंतेजी आले होते. बायकोवर सगळा भार टाकून जो पंचशील म्हणतो तो नुसता आवाज काढतो, असं ते म्हणाले, तेव्हा मी मुद्दाम मागे वळून यांच्याकडे पाहिलं होतं. हे खाली मान घालून बसले होते. महिला मंडळाची सेक्रेटरी म्हणून ते प्रवचन मीच ठरवलं होतं, तेव्हा या लुंगीचं थोडं श्रेय माझंही आहे.

दुसरी आनंदाची गोष्ट म्हणजे सुमेध काल उटनूरहून आला. त्याच्या आश्रमशाळेत गौतमी नावाची मुलगी शिकवते. करीन तर तिलाच, म्हणतो. तिचे वडील नागनाथराव इचोड्याला पोस्टमास्तर आहेत. आपल्यातलेच, चळवळीतले, शब्दाला पक्के आणि मानी. आमचा एकुलता एक पोरगा, आजवर त्याने तोंड उघडून काही मागितलं नाही. सहा डिसेंबर झाला की इचोड्याला जाऊन बोलणी पक्की करायची असं ठरलं. हे जुळलंच पाहिजे. माझा सगळा जीव आता त्यात अडकला आहे.

२४ नोव्हेंबर

यांनी सायकल आमच्या शाळेचा शिपाई फकिरा याला देऊन टाकली. "त्याले दुरून या लागते, बिचाऱ्याले," म्हणाले. स्वतः आता बसने कचेरीत जातात. ही सायकल कुणी पुसायला हात लावला तरी यांना चालत नसे.

शेजारच्या कौशल्याबाई ताक घेऊन आल्या होत्या. पाटलांच्या घरच्या, कापसाची मोठी शेती, पण माझ्याशी जीव लावून वागतात. म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमच्या मालकासारखा मानूस नाई पाह्यला मी. गाडीत जागा रिकामी असली तरी बसत नाईत. बायाबापड्याईले बसवतात अन् आपन दांडा धरून उभे." मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. मी त्यांना ताकाच्या बदल्यात गूळ दिला.

शिवाय ठेचा सोडला. ठेच्याशिवाय ज्यांचा घास खाली उतरत नव्हता ते वरण-भात मागतात, तोही थोडाच, चुलीपाशी उभ्याने. "जिभीवर ताबा पायजे मानसाचा," असं मला ऐकवतात. मी मात्र लपून ठेचा खाते आहे आणि मलाच लाज वाटते आहे.

एकच शंका येते. हे पालथे झोपतात आणि झोपेत कण्हतात. विचारलं तर म्हणतात, पहाणीचं काम वाढलंय, पाठ धरली. चेहरा उतरलाय. पण खाणं आवरलं की माणूस उतरणारच.

६ डिसेंबर

विहारात मोठी गर्दी होती. सगळे पांढऱ्या कपड्यांत, खाली मांडी घालून. हे दारापाशी भिंतीला टेकून उभे. रामाजी काका आमच्यात सगळ्यांत थोर, ते म्हणाले, "दौलत, पुढं ये, बस." हे हात जोडून म्हणाले, "काका, आजच्या दिवशी मी उभाच राह्यतो."

असं म्हटल्याबरोबर मागची तरुण पोरं एकेक करून उठली. मग बाया उठल्या. शेवटी काकासुद्धा काठी टेकून उभे राहिले, आणि आमच्या विहारात पहिल्यांदाच सगळी वंदना उभ्याने झाली. कुणाच्या तोंडून खोकलासुद्धा नाही. काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. हे मात्र भिंतीकडे तोंड करून घाम पुसत होते.

मी एका साध्या कारकुनाची बायको आहे असं समजत होते. आज घरी येताना मी यांच्या दोन पावलं मागे चालले, मुद्दाम.

९ डिसेंबर

सगळं खोटं.

कौशल्याबाई माहेराहून आल्या. त्यांचं माहेर नेरडीगोंड्याचं. म्हणाल्या, "तुमचे मालक दिसले ना. सडकेच्या कडेले पाल ठोकून तो बाबा बसते, त्याच्या पालातून निंगून राह्यले होते." मी म्हटलं, दुसरं कुणी असेल. पण यांच्या कचेरीच्या पिशवीत कागदाची पुडी सापडली, आत राखेसारखी करडी भुकटी. अंगारा!

ज्या घरात देव्हारा नाही, दृष्ट काढत नाहीत, जिथली बाई गावभर सांगत फिरते की गंडेदोरे फेका, त्या घरात अंगारा. मी पुडी नालीत रिकामी केली. हे आले तेव्हा समोर रिकामा कागद ठेवला. हे एवढंच म्हणाले, "फेकली का? बरं केलं. लय आग करत होती." अंगाऱ्याने आग होते हे मी कधी ऐकलं नव्हतं. पण माणूस कबूल करतोय एवढं मला पुरे झालं.

१० डिसेंबर

अबोला. भाकरी वाढली. उभ्याने खाल्ली. एकीकडे साधू आणि एकीकडे बाबाचा भक्त, असा माणूस माझ्याच नशिबी का?

१५ डिसेंबर

इचोड्याहून आताच आलो. लगेच लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

नागनाथरावांचं घर पोस्टाच्या मागे. पुढे सडकेवर ट्रकांचा भोंगा, आत मात्र सगळं नीटनेटकं. आमच्यासाठी निळी, पांढऱ्या पट्ट्यांची नवी सतरंजी अंथरली होती, घडीच्या खुणासुद्धा मोडल्या नव्हत्या. नागनाथराव स्वतः वाकळेची घडी करून तिच्यावर बसले होते, लोडाला टेकून, एका अंगावर रेललेले, एखाद्या जहागीरदारासारखे. पोस्टमास्तरला एवढा तोरा कशाचा, असं मला वाटून गेलं. त्यांच्या बायकोने, भागीरथाबाईंनी, मला हाताला धरून बसवलं. सुमेध बसला.

"बसा, पाव्हणे," नागनाथराव म्हणाले.

"राहू द्या. उभाच बरा हाये."

"अवो, बसा ना."

"गाडीत बसून बसून आंग अवघडलं," हे म्हणाले. हे गाडीत कधी बसतात? मी यांचा शर्ट ओढला. यांनी गुडघे वाकवले, अर्ध्यापर्यंत आले, चेहरा काळानिळा झाला आणि पुन्हा ताठ उभे राहिले. गौतमी पाण्याचे पेले घेऊन आली होती, ती तशीच उंबऱ्यात थांबली. गोड पोरगी आहे.

पुन्हा आग्रह झाला. पुन्हा नाही. चहा आला, यांनी उभ्यानेच बशीत ओतून घेतला. मग नागनाथरावांनी पेला खाली ठेवला. आवाज चढवला नाही, पण तो आवाज माझ्या कानातून जाणार नाही.

"माह्या बापाले देशमुखाच्या ओसरीवर कधी कोनी बस म्हनलं नाई. आंगनात उभं राहून जिंदगी गेली त्याची. चिठ्ठी वाचून घ्यायची तरी उभ्यानं. म्हून मी घर बांधलं तवा पह्यली वस्तू घेतली ते सतरंजी. जो येईन तो बसंन. अन् आज आपलाच मानूस आपल्या सतरंजीवर बसून नाई राह्यला. तुमी मोठ्या कचेरीतले, असं समजतो मी."

यांनी बोलायला पाहिजे होतं. एक शब्द बोलले असते तरी निभावलं असतं. मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. सुमेध रडवेला झाला होता. तो तिथूनच उटनूरच्या गाडीत बसला, आमच्याकडे न बघता.

येताना आदिलाबादपर्यंत हे बसमध्ये उभे. स्टँडवर माझ्यापुढे उतरले तेव्हा मला दिसलं. बोलण्यांसाठी घातलेल्या बदामी पँटीवर मागे तळहाताएवढा डाग. पिवळट, मध्ये लाल.

मी काही विचार केला नाही. यांच्या पाठीला पाठ लागेल इतकी जवळ मागे चालू लागले. भर स्टँडवर बायको नवऱ्याला अशी चिकटून चालताना पाहून लोक बघत होते. बघेनात का. मग माझी शाल काढून दिली. "थंडी हाये, कमरेले बांधा." यांना कळलं की मला कळलं. शाल बांधली. आमचं भीमपूर येईपर्यंत आम्ही दोघं एकमेकांशेजारी उभे होतो, जागा असूनही.

१६ डिसेंबर

मी रजा टाकली. हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि सगळं सांगितलं.

पावसाळ्यात शौचाच्या जागेजवळ गळू झालं. ताप आला होता तो त्याचाच, मला मलेरिया वाटला होता. गळू आपोआप फुटलं, बरं वाटलं, संपलं म्हणून सोडून दिलं. मग पुन्हा ठणकलं, पुन्हा फुटलं. तेव्हापासून पाझरतंच आहे. मध्ये चार दिवस तोंड मिटतं, मग आत साचून सुजतं, बसलं की जीव जातो. लुंगीला डाग पडतात म्हणून स्वतः धुणं. यांना वाटलं मूळव्याध. पालवाल्या वैदूने सांगितलं, हे भगंदर आहे, आणि लावायला ती भुकटी दिली. ती लावली की कातडी भाजून निघायची.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"काय सांगू? कचेरीत मानिकराव म्हनत होते का भगंदर म्हंजे मागच्या जल्माचं पाप."

"मागचा जन्म आपन मानत नाई. मंग त्याचं पाप कुठून आनलं तुमी?"

हे हसले. किती दिवसांनी हसले. मग रडले. मीही.

नंतर एकटी बसून हिशेब लावला. लुंगी, सायकल, बसमधली जागा, ठेचा, विहार. भंतेजींचा यात काडीचा हात नव्हता. सहा डिसेंबरला सगळं गाव कशासाठी उभं राहिलं हे आता कुणाला सांगायचीही सोय नाही. राग यायला हवा होता. मला मात्र एवढंच दिसत राहिलं की हा माणूस पहाटे अंधारात थंड पाण्यात एकटा हात घालत होता आणि मी अंथरुणात त्याचं कौतुक करत पडले होते.

१९ डिसेंबर

आदिलाबादला मोठ्या दवाखान्यात गेलो. नर्सबाई तेलुगूत सारखी म्हणायची, "कूर्चोंडी, कूर्चोंडी," म्हणजे बसा, बसा. हे तिच्याकडे दीनवाणे बघत उभे. शेवटी मीच म्हटलं, बाई, तेच तर दुखणं आहे.

डॉक्टर वेंकटरमणा वयस्क, हसऱ्या तोंडाचे. तपासून झाल्यावर यांना म्हणाले, "इतने दिन छुपाया? शरमाने की क्या बात है? नाक बहती है तो छुपाते हैं क्या?" मग त्यांनी समजावून सांगितलं. मी मास्तरीण असल्यामुळे माझ्या पद्धतीने लिहून ठेवते.

शौचाच्या वाटेला आतून बारीक ग्रंथी असतात, सगळ्यांनाच. त्यांतली एखादी तुंबते, आत जंतू शिरतात, पू होतो. त्या पुवाला बाहेर यायला वाट हवी. तो मांसातून सरकत सरकत कातडीपाशी येतो, ते गळू. गळू फुटलं की वाटतं सुटलो. पण आतलं तोंड उघडंच राहतं, आणि आतपासून बाहेरपर्यंत एक बीळ तयार होतं, शेताच्या धुऱ्यात उंदराचं असतं तसं. त्या बिळात घाण शिरत राहते. बाहेरचं तोंड मिटलं तरी आत भरत जातं. म्हणून वरून मलम लावा, भुकटी लावा, काही उपयोग नाही. गळू झालेल्या सगळ्यांना असं होतं असं नाही, पण बऱ्याच जणांना होतं. कधी क्षयरोगामुळे, कधी आतड्याच्या दुसऱ्या दुखण्यामुळेही होतं, म्हणून छातीचा फोटो काढायचा आणि कापल्यावर मांसाचा तुकडा तपासायला पाठवायचा.

"अन् सायकल?" यांनी हळूच विचारलं.

डॉक्टर खो खो हसले. "सायकल से होता तो पूरा पोस्ट आफिस मेरे पास भर्ती रहता."

तिखटानेही होत नाही. तिखट खाल्लं की आग होते, एवढंच. उपाय म्हणजे ते बीळ उघडून टाकायचं, म्हणजे जखम तळापासून भरत येते. बीळ जर शौच धरून ठेवणाऱ्या स्नायूतून खोल गेलं असेल तर मात्र एकदम कापत नाहीत, दोरा ओवून हळूहळू करतात, नाहीतर माणसाचा ताबा जाऊ शकतो. यांचं वरवरचं निघालं. हे ऐकून मी बाकावर बसले, हे माझ्या शेजारी उभे राहिले.

२४ डिसेंबर

ऑपरेशन झालं. कमरेखाली बधिर केलं होतं. बाहेर आल्यावर यांचं पहिलं वाक्य, "तुह्या शालीले डाग नाई ना लागला?" मी म्हटलं, शाल मेली खड्ड्यात.

२८ डिसेंबर

घरी आलो. रोज घमेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात बसायचं, शौचानंतर तर नक्कीच. घमेलं नवीन आणलं. पाणी कोपर बुडवून पाहायचं, असं नर्सने शिकवलं. पट्टी मी बदलते. दवाखान्यात पहिल्या दिवशी यांनी उशीत तोंड खुपसलं होतं. आज पट्टी बदलताना कचेरीतल्या गोष्टी सांगत होते.

आनंद टिकला नाही. संध्याकाळी सुमेध आला. नागनाथरावांनी गौतमीला सांगितलंय की जे घर आपल्या सतरंजीवर बसत नाही त्या घरात मुलगी द्यायची नाही. पोरगी रडते आहे, पण बापापुढे जाणार नाही. मी यांना म्हटलं, मी उद्याच जाऊन खरं काय ते सांगते.

"नाई," हे म्हणाले. "पोराच्या सासऱ्याले माह्या ढुंगनाची गोष्ट सांगशील?"

"नाई सांगतली त सासराच नाई भेटनार पोराले."

"मी बरा झालो का स्वतः जाईन. काईतरी दुसरं सांगीन. तू वचन दे."

दिलं. सुमेधने वडिलांच्या पायाशी बसून पाय चेपले. मला वाटतं भांडला असता तर बरं झालं असतं.

५ जानेवारी १९९२

आजचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही.

दुपारी हे परसात घमेल्यात बसले होते, लुंगी वर खोचून, गुडघे हनुवटीला टेकवून. मी गरम पाणी ओतत होते. तेवढ्यात पुढून आवाज आला, "जयभीम. दौलतराव हायेत का घरी?" आणि कौशल्याबाईंनी, त्यांचं भलं होवो, पाहुण्यांना थेट परसात आणून सोडलं.

नागनाथराव. सोयरीक मोडायची तर निरोपाने मोडू नये, समोर येऊन सांगावं, म्हणून आले होते. ते यांच्याकडे बघत राहिले. हे त्यांच्याकडे. उठायची सोय नव्हती.

"बसले म्हनायचे आज," नागनाथराव म्हणाले.

"जयभीम," हे घमेल्यातून म्हणाले. "मले आता उठता येत नाई, माफ करा."

मी वचनात बांधलेली, तांब्या धरून उभी. मग यांनीच तोंड उघडलं. वाटलं होतं काहीतरी थाप मारतील. पण घमेल्यात बसलेल्या माणसाला थाप कुठून सुचणार? "नागनाथराव, तुमच्या सतरंजीवर बसाचं माह्या नशिबात नव्हतं त्या दिवशी. मले भगंदर होतं. बसलो असतो त नवी सतरंजी खराब झाली असती, अन् तुमच्या पोरीसमोर माही इज्जत. मी लाजलो. पन तुमाले जे वाटलं ते आयकून मले बीळ कापताना नाई दुखलं तेवढं दुखलं."

मी घाईने खुर्ची आणली. नागनाथराव म्हणाले, राहू द्या. मग मी वाकळेची घडी आणली, त्यांना तशीच सवय आहे म्हणून, तेव्हा ते बसले, आपल्या त्या पद्धतीने, एका अंगावर.

"दुखते का लय? कापताना?" त्यांनी विचारलं.

"कापताना कळत नाई."

"नाई, माह्या वळखीचा एक मानूस हाये. पोस्टातलाच. त्याले असंच काईतरी हाये."

मग यांनी जे सांगायला सुरुवात केली! ग्रंथी, पू, बीळ, आतलं तोंड, बाहेरचं तोंड. वर्गात मी इतकं चांगलं शिकवत नाही. नागनाथराव खोदून खोदून विचारत होते. त्या ओळखीच्या माणसाने तरुणपणी खूप सायकल हाणली, त्याने झालं का? तिखट सुटतं का कायमचं? ताबा जाण्याची भीती किती? डॉक्टर ओरडतात का? बाई असते का तपासायला? मित्राची एवढी काळजी करणारा माणूस मी पाहिला नाही. त्या दिवशी मी यांना तोऱ्याचे समजले, माझीच चूक.

निघताना दारात म्हणाले, "सतरंजी तशीच ठेवली हाये, घडी घालून. बरे झाले का या. इवाई."

व्याही म्हणाले. मी आत जाऊन तोंडात पदर धरून रडले, मग सुमेधला तार करायला फकिराला सायकलवर पिटाळलं.

३ फेब्रुवारी

जखम भरत आली. तुकड्याचा रिपोर्ट स्वच्छ, छातीचा फोटो स्वच्छ. काल जेवताना मी सहज म्हटलं, चला, आता लुंगी धुवायचं कारण संपलं तुमचं. आज उठून पाहते तर दोरीवर लुंगी आणि तिच्या शेजारी माझं लुगडं, नीट पिळलेलं नाही, टपटप गळतंय. मी पुन्हा पिळलं नाही. शाळेत जाईपर्यंत गळू दिलं.

८ मार्च

इचोड्याला साखरपुडा झाला.

सकाळी निघताना यांनी वेड्यासारखा हट्ट धरला. संत्री घमेल्यातून न्यायची. त्याच घमेल्यातून! राखेने घासून लख्ख केलं होतं, वर नवा लाल कपडा. "परात मेली का घरातली?" मी विचारलं. "लोक काय म्हनतील?" हे ऐकेनात. बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. बसले, खिडकीपाशी.

निळी सतरंजी अंथरलेली होती. हे चपला काढून गेले आणि मध्यभागी मांडी घालून असे बसले की आता क्रेन आणली तरी उठणार नाहीत. गौतमीने पाणी दिलं, तिला कळेना हसावं की नाही. मग दोघं हसले. सुमेधचा चेहरा मी बघत राहिले.

नागनाथराव मात्र एकदाही बसले नाहीत. पाहुण्यांना पाणी, पान, सगळं स्वतः. पंगतीत रामाजी काका म्हणाले, "अवो पोरीचे बाप, तुमी बी बसा." ते हात जोडून म्हणाले, "काका, आजच्या दिवशी मी उभाच राह्यतो." पंगतीतले लोक माना डोलावत होते, असा बाप पाहिजे म्हणून. मलाही भरून आलं. मार्चच्या उन्हात कमरेला शाल गुंडाळून माणूस वाढतोय, याचं नवल वाटलं तेवढंच.

निघायच्या वेळी यांनी घमेलं त्यांच्या पुढ्यात सरकवलं.

"संत्री पोरीले," हे म्हणाले. "घमेलं तुमच्या त्या वळखीच्या मानसाले."

मी शालीकडे पाहिलं. वाकळेची घडी आठवली, ते एका अंगावर रेलणं आठवलं, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भागीरथाबाई माझ्याकडे बघत होत्या, त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं, आपल्या नवऱ्याने अलीकडे फार देवमाणसासारखं वागायला घेतलंय. मी तोंड मिटून राहिले.

नागनाथरावांनी संत्री काढून घेतली नाहीत, घमेलंच दोन्ही हातांनी उचललं. मग यांच्याजवळ वाकून हळूच विचारलं, "पानी किती गरम घ्या लागते?"

"कोपर बुडवून पाहाचं," हे सतरंजीवरून म्हणाले. "उद्या सकाळच्या गाडीनं मी आदिलाबादले येतो. दवाखान्याच्या दाराशी उभा राह्यतो तुमच्यासाठी."